हन्ना वाचायची तसं

हन्ना गेल्याची बातमी तिचे थोरले भाऊ शलोम घेऊन आले. दीड महिना झाला त्याला. रविवारची सकाळ होती, मी वालाच्या शेंगा सोलत बसले होते. शलोमभाऊंनी खिशातून हवाई टपालाचं पाकीट काढलं. हन्नाच्या नवऱ्यानं इस्रायलहून पाठवलेलं पत्र, चार पानं, बारीक मराठी अक्षर. ‘मला सांगवणार नाही, तुम्हीच वाचा,’ असं म्हणून ते खुर्चीवर बसले. त्यांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवेपर्यंत माझं पत्र वाचून झालं होतं. आजार, दवाखाना, शेवटचे आठ दिवस, कोण कोण भेटायला आलं... सगळं. ‘वाचलंत? इतक्यात?’ त्यांनी विचारलं. मी मान हलवली. त्या क्षणी मला रडू यायला हवं होतं. त्याऐवजी मनात आलं ते असं, की हन्नालासुद्धा एवढा वेळ लागलाच असता. माणूस गेलं तरी मत्सर जात नाही, हे मला बेचाळिसाव्या वर्षी कळलं.

पनवेलमध्ये एका वकिलांच्या ऑफिसात आम्ही दोघी काम करायचो. मी तिच्याआधी तीन वर्षं तिथे होते. पक्षकारांचे कागद वाचायचे, त्यातलं महत्त्वाचं काढून सरांसाठी टिपण करायचं, हे माझं काम. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आजूबाजूच्या गावांतल्या जमिनींचे भाव चढू लागले होते आणि भावाबहिणींची भांडणं पिशव्या भरभरून आमच्याकडे येत होती. मी वाचायची ती शब्द न् शब्द, ओठ हलवत. आमच्या वडिलांनी तसंच शिकवलं होतं. एक फाईल दोन-दोन दिवस चालायची, पण कुणाची तक्रार नव्हती. मग हन्ना टायपिस्ट म्हणून आली. उंच, सावळी, केसांचा घट्ट अंबाडा. पनवेलच्या जुन्या बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू, घरातली, माझ्यापेक्षा वर्षानं मोठी, बोलणं अगदी आमच्यासारखंच. पहिल्याच महिन्यात सरांनी एका जुन्या खरेदीखताबद्दल मला काही विचारलं आणि मी फाईल शोधायला उठले, तर टाइपरायटरवरून मान वर न करता ती म्हणाली, ‘सर, त्यात विहिरीचा उल्लेख आहे, पण वाटेचा नाही. अकरावं पान.’ तिनं ते खत टाइपसुद्धा केलं नव्हतं. माझ्या टेबलावर पडलं होतं म्हणून येता-जाता चाळलं होतं!

त्या दिवसापासून सर ‘वसुधाबाई’ अशी हाक मारून आधी माझ्याकडे बघायचे आणि प्रश्न मात्र हन्नाला विचारायचे. निदान मला तसं वाटायचं. ती मला डबा उघडून द्यायची, माझ्या मुलीसाठी फ्रॉकचं कापड आणायची, आणि मी तिच्याकडे बघत मनात मिनिटं मोजायची. चाळीस पानांना वीस मिनिटं. साठ पानांना अर्धा तास. आणि वाचून ठेवलेलं महिन्यानंतरही जसंच्या तसं. एकदा मी तिला एका फाईलची पानं मागेपुढे करून दिली, मुद्दाम. तिनं ती वाचली, पानं नीट लावली, आणि ‘कुणीतरी घाईत लावलेली दिसतात’ एवढंच म्हणाली. तिचा हा गुण कुठून आला ते मी तिला विचारलं नव्हतं, तिनंच सांगितलं. लहानपणी त्यांच्या घरी पेपर परवडायचा नाही. शेजारच्या काकांकडे यायचा. ते आंघोळीला गेले की तेवढ्या वेळात हन्ना तो वाचून काढायची आणि घरी येऊन शिवणकाम करणाऱ्या आईला सांगायची. ‘आईला नीट सांगता आलं नाही तर ती म्हणायची, मग वाचलंस कशाला? म्हणून मी वाचतानाच सांगायला लागायचे,’ हन्ना हसून म्हणाली. मला वाटलं, आमच्या घरी पेपर यायचा, हेच माझं नुकसान.

मग मीही वेगानं वाचायला लागले. म्हणजे पळायला लागले. अशात नेऱ्याच्या काशीबाईंचं प्रकरण आलं. काशीबाई विधवा, पन्नाशीची, अंगठेबहाद्दर. वडिलांच्या जमिनीत आपला वाटा आहे का, एवढंच तिला विचारायचं होतं. भाऊ दामू म्हणत होता की सगळ्या बहिणींनी हक्क सोडून दिलाय. त्यानं दिलेल्या कागदांच्या नकला मी तासाभरात उडवल्या आणि हन्नाला ऐकू जाईल अशा आवाजात सरांना सांगितलं, ‘चारही बहिणींनी हक्क सोडलाय. काशीबाईंचा अंगठाही आहे.’ सरांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी बाईला बोलावून समजावायचं ठरलं. संध्याकाळी सर कोर्टातून यायचे होते आणि हन्ना लवकर घरी गेली होती. माझ्या टेबलावर ती फाईल होती, एका पानात कागदाची चिठ्ठी. तिच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘भ्रताराचं नाव बघ.’

मी पान उघडलं. अंगठ्याखाली लिहिलं होतं : काशीबाई भ्र. दामू. भ्र. म्हणजे भ्रतार, नवरा. आमच्या काशीबाईचा नवरा हसूराम. दामू तर तिचा भाऊ, आणि त्याच्या बायकोचंही नाव काशीबाईच! बहिणीच्या जागी त्यानं बायकोचा अंगठा घेतला होता. माझे कान तापले. हन्ना हे सरांना सांगू शकली असती. तिनं मला सांगितलं होतं. मला तोच जास्त मोठा अपमान वाटला... मी चिठ्ठी चुरगाळून पर्समध्ये टाकली. सर आल्यावर मी म्हणाले, ‘सर, मी परत एकदा पाहिलं. नवऱ्याचं नाव जुळत नाही.’ सरांनी पान पाहिलं आणि टेबलावर थाप मारली. दुसऱ्या दिवशी हन्नाच्या समोर ते म्हणाले, ‘वसुधाबाईंनी डोळ्यांत तेल घालून वाचलं म्हणून बाईचा वाटा वाचला.’ हन्नाचा टाइपरायटर थांबला. मी खाली बघत राहिले. मग तो परत सुरू झाला.

तिनं हे कधीच काढलं नाही. चार दिवसांनी जेवणाच्या सुट्टीत म्हणाली, ‘तू पळतेस गं. वाचणं म्हणजे पळणं नाही. मी दाखवते तुला.’ नको म्हणायची माझी हिंमत झाली नाही. तिनं मला जिभेखाली लवंग धरायला लावली, ओठ हलू नयेत म्हणून. वाचलेल्या ओळींवर वरून पोस्टकार्ड सरकवत न्यायचं, म्हणजे डोळे मागे जात नाहीत. एकेक शब्द न उचलता तीन-चार शब्द मिळून बघायचे. फाईल उघडण्याआधी स्वतःला विचारायचं, या कागदाकडून मला काय हवंय? आणि वाचून झालं की कागद बंद करून चार वाक्यांत सांगायचं. ‘कुणाला सांगू?’ मी विचारलं. ‘मला सांग. मला काही माहीत नाही असं समज.’ रोज दुपारी मी सांगायची आणि ती गवारीच्या भाजीचा घास हातात धरून ऐकायची. ‘नावं आणि तारखा यायच्या तिथे मात्र गाडी थांबव,’ असं ती अधूनमधून म्हणायची, आणि मला दर वेळी वाटायचं की ती ‘भ्र. दामू’बद्दलच बोलतेय. वर्षभरात मी तिच्या जवळपास पोचले. जवळपास. तिला आठवायचं तेवढं मला आठवत नसे, आणि ते मला खुपत राहिलं.

नव्वदनंतर दोन-तीन वर्षांत तिच्या नवऱ्यानं इस्रायलला जायचं ठरवलं. शलोमभाऊ तेवढे मागे राहिले. निरोपाच्या दिवशी ती माझ्या गळ्यात पडून रडली. मीही रडले, पण आतून मोकळं वाटत होतं. आता या खोलीत मीच! सहा महिन्यांनी तिचं पत्र आलं. ‘मी इथे पहिलीतल्या मुलीसारखी वाचते. प्रार्थना तोंडपाठ होत्या, पण दुकानावरची पाटी वाचताना बोट धरावं लागतं, तेही उजवीकडून डावीकडे. हिब्रू शिकायच्या शाळेत माझ्या शेजारी माझ्या मुलाच्या वयाच्या पोरी बसतात आणि माझ्याआधी पान उलटतात. तुला तेव्हा कसं वाटत असेल ते आता कळतं.’ हे वाक्य मी दोनदा वाचलं, पोस्टकार्ड न सरकवता. म्हणजे तिला कळत होतं तर. आणि खोटं कशाला बोलू, तिच्या त्या अडखळण्यानं मला बरं वाटलं. मी उत्तरात माझ्याच फायलींचे आकडे लिहिले. गेल्या वर्षीच्या तिच्या शेवटच्या पत्रात तब्येतीबद्दल एक ओळ होती, आणि शेवटी, ‘त्या काशीबाईचं पुढे काय झालं? जमीन कसते का?’ मी त्याला उत्तर पाठवलं नाही. काशीबाईचं नाव लिहायचं म्हणजे चिठ्ठीचंही लिहावं लागलं असतं.

शलोमभाऊ येऊन गेल्यावर मी सरांना भेटले. ते आता निवृत्त झालेत, ऐकायला कमी येतं. चिठ्ठीचं सगळं सांगितलं. ‘कुठल्या काशीबाई?’ त्यांनी विचारलं. त्यांना प्रकरणच आठवत नव्हतं. मग पुढच्या रविवारी मी एसटीनं नेऱ्याला गेले.

काशीबाई आता पार वाकली आहे, पण घरामागच्या वावरात भेंडी लावलेली होती, तिच्याच वाट्यात. मला तिनं ओळखलं नाही. वकिलांच्या ऑफिसातली म्हटल्यावर डोळे बारीक करून म्हणाली, ‘ती उंच बाय कुठं हाय?’ मी सांगितलं. ती बांधावर टेकली. मग म्हणाली, ‘दामूनं माघार घेतली ना, तवाचा कागद. सगली म्हनत होती, अंगठा दे, अंगठा दे. तिनं मला जिन्याखाली बसवला आनि आख्खा कागद वाचून दाखवला. हलू हलू. एकदा नाय, दोनदा. मंग मलाच विचारला, आता सांग, काय लिव्हलंय? मी सांगितला, तवा शाई लावली.’

त्या दिवशी मी कोर्टात होते. मला हे माहीतच नव्हतं. आमच्या ऑफिसातली सगळ्यात भराभर वाचणारी बाई जिन्याखाली बसून इतकं सावकाश वाचत होती... आणि तिथेही, त्या वावराच्या कडेला उभं राहून, मला तिचा हेवा वाटला. ‘तुमच्या कागदातली लबाडी तिनंच पकडली होती,’ मी म्हणाले. ‘नाव माझं झालं.’

काशीबाई बांधावरून उठली. ती आत गेली आणि पदराखालून एक कागद घेऊन आली. ‘चार दिस झालं येऊन. वाच.’ मी पाहिला. ग्रामपंचायतीची नोटीस, रस्त्याच्या मोजणीची. एका नजरेत कळलं की तिला काळजीचं काही नाही, आणि तसं सांगायला मी तोंड उघडलं. पण ती पाय दुमडून, गुडघ्यांवर हात ठेवून माझ्यासमोर जमिनीवर बसली होती, कान देऊन. मीही खाली बसले आणि पहिल्या शब्दापासून वाचायला लागले.

‘थांब,’ तिसऱ्या ओळीला ती म्हणाली. ‘ते परत वाच.’

मी परत वाचलं.