खालच्या मजल्यावरचं लायसन

आमच्या घरात मूल नव्हतं तेव्हा नवऱ्याची फाइल होती. निळी, जाड, आत प्लॅस्टिकचे कप्पे. पासपोर्ट, व्हिसाचे कागद, पगाराच्या स्लिपा, लग्नाचं सर्टिफिकेट, त्याचं नोटरी केलेलं इंग्रजी भाषांतर, आणि या सगळ्यांच्या तीन-तीन झेरॉक्स. घराला आग लागली तर हा माणूस आधी फाइल उचलेल आणि मग मला हाक मारेल, असं मी चारचौघांत म्हणायचे. तो हसायचा, पण नाही म्हणायचा नाही.

अमेरिकेत, हर्नडनला येऊन आम्हाला तेव्हा तीन वर्षं झाली होती. नवरा पुण्याचा, मी नागपूरची. तो चिडला की गप्प बसतो आणि मी चिडले की शेजारच्या बिल्डिंगला कळतं. तर त्या वर्षी व्हर्जिनियात नवा कायदा आला. यापुढे गाडीचं लायसन काढायचं असेल तर तुम्ही या देशात कायदेशीर राहताय याचा कागद दाखवा, आणि तुमच्या कागदाची मुदत संपेल त्या दिवशी लायसनही संपेल. ज्यांच्याकडे कागद नाहीत त्यांना लायसन नाही.

शनिवारी आमच्याकडे पाच-सहा मराठी कुटुंबं जेवायला होती. मी पाटवडीचा रस्सा वाढत होते. कुणीतरी म्हणालं, "बरोबरच आहे यार. आपण वर्षानुवर्षं लाइनीत उभं राहायचं, आणि हे लोक मागच्या दाराने येणार, वर लायसनपण घेणार." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. नुसती डोलावली नाही, हातात पळी धरून म्हणाले, "कायदा तो कायदा." मला ते वाक्य अजून आठवतं, कारण बोलताना मला फार शहाणं वाटलं होतं.

पुढच्या महिन्यात आम्ही घर बदललं. त्याच कॉम्प्लेक्समध्ये, समोरच्या बिल्डिंगमध्ये, दुसऱ्या मजल्यावर. का, तर तिथे बाल्कनी होती. नवऱ्याने कुठेतरी वाचलं की पत्ता बदलला तर लायसन ऑफिसला कळवावं लागतं. कळवणं फोनवरही चाललं असतं. पण कार्डावर जुना पत्ता असणं त्याला बरं दिसेना. मी म्हटलं, अरे, कोण बघायला येतंय? तो म्हणाला, "नियम आहे ना, मग करून टाकू."

आमची दोघांची लायसन्स कायद्याच्या आधीची होती. माझ्या लायसनवर अजून चार वर्षं शिल्लक होती. चार वर्षं मला कुणी काही विचारलं नसतं. आम्ही नटूनथटून लायसन ऑफिसात गेलो. खिडकीतल्या बाईने कागद मागितला एक, याने दिले सात. तिने ते शांतपणे चाळले, आमची जुनी कार्डं घेतली, मशीनमध्ये धरून दोन्हींना भोकं पाडली, आणि नवी कार्डं दिली. त्यांवर नवा पत्ता होता आणि व्हिसा संपायची तारीख होती. सात महिने. माझा नवरा तिला म्हणाला, "थँक यू."

गाडीत बसल्यावर मी म्हटलं, याला आमच्याकडे हात दाखवून अवलक्षण म्हणतात. तो म्हणाला, "व्हिसाचं एक्स्टेन्शन झालं की तारीख वाढेल, एवढं काय त्यात?"

एवढं काय ते सांगते. नागपूरला मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये पाच वर्षं काम केलं होतं. इथे नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बायकोला नोकरी करायची परवानगी नाही. शिकायची आहे. तीन वर्षं भिंतींकडे बघून झाल्यावर मी कम्युनिटी कॉलेजात मेडिकल लॅबच्या कोर्सला नाव घातलं होतं. आठवड्यातून तीन दिवस सकाळी सातला प्रॅक्टिकल. सेमिस्टरमध्ये तीन गैरहजेऱ्या झाल्या की बाहेर, आणि नवी बॅच वर्षातून एकदाच. या देशात माझी म्हणावी अशी ती एकच गोष्ट होती.

सात महिने संपत आले. एक्स्टेन्शनचा अर्ज वेळेवर गेला होता, त्याची पावतीही आली होती, मंजुरी मात्र येत नव्हती. पावतीवर नवऱ्याला नोकरी चालू ठेवता येत होती. लायसनवाले म्हणाले, पावती चालत नाही, मंजुरीचा कागद आणा. म्हणजे सरकारच्या मते माझा नवरा ऑफिसात बसायला लायक होता आणि ऑफिसपर्यंत गाडी चालवायला नालायक. आणि त्याच्या कागदाला बांधलेली मी, मी तर कशालाच नाही. एका मध्यरात्री माझा गाडी चालवायचा हात गेला का? पाय गेला का? आदल्या दिवशी मी चांगली ड्रायव्हर होते आणि दुसऱ्या दिवशी गुन्हेगार. हे आठवलं की आजही माझं डोकं फिरतं.

त्याची सोय दोन मिनिटांत झाली. आमच्याच कॉम्प्लेक्समधला एक ऑफिसातला मुलगा त्याला नेऊ-आणू लागला. मी नवऱ्याला विचारलं, आणि माझं? तो म्हणाला, "हे सेमिस्टर ड्रॉप कर ना. क्लासच तर आहे."

त्यावर मी जे बोलले ते छापण्यासारखं नाही. मी किल्ली उचलली, म्हटलं मी चालवणार, बघू कोण पकडतं. त्याने किल्ली काढून घेतली. पकडलं गेलं तर रेकॉर्डवर येईल, दोघांचंही एक्स्टेन्शन अडकेल, असं म्हणाला. यात त्याचं काही चुकत नव्हतं आणि त्याचाच मला जास्त संताप आला. पहिल्या दिवशी जायची सोयच झाली नाही. एक गैरहजेरी. दुसऱ्या दिवशी टॅक्सी बोलावली, ती पाऊण तास उशिरा आली आणि सरांनी दार लावून घेतलं होतं. दुसरी गैरहजेरी. बस त्या वेळेला आमच्या बाजूला येतच नव्हती.

संध्याकाळी तळमजल्यावरच्या लॉन्ड्री रूममध्ये मी कपडे मशीनमध्ये टाकत नव्हते, आपटत होते. तिथे खालच्या मजल्यावरची बाई होती. चाळिशीची, ठेंगणी, एल साल्वाडोरची. आतापर्यंत आमचं हाय-हॅलोपलीकडे काही नव्हतं. तिने विचारलं, काय झालं? मी मोडकंतोडकं सांगितलं. मोडकंतोडकं तिच्यासाठी, कारण तिला इंग्रजी कमी यायचं. तिने कॉलेजचं नाव विचारलं आणि म्हणाली, "आय क्लीन देअर. सायन्स बिल्डिंग. सिक्स ओ'क्लॉक. यू कम."

आणि मी गेले. तीन महिने, आठवड्यातून तीनदा, तिच्या जुन्या पांढऱ्या गाडीतून. ती कधी एक मिनिट उशिरा आली नाही. मी खाली उतरायच्या आत काच पुसून तयार असायची. मी तिला चिवडा दिला, तर दुसऱ्या दिवशी तिने डबा रिकामा न देता त्यात बीन्स भरलेल्या जाड भाकऱ्या घालून दिल्या. तिसरी गैरहजेरी माझी झाली नाही ती तिच्यामुळे.

एकदा सिग्नलला थांबलो असताना तिने आपणहून सांगितलं की तिच्याकडे कागद नाहीत. कसलेच नाहीत. मी दचकले. मग लायसन? तिने पर्समधून काढून दाखवलं. खरं, सरकारी, कायद्याच्या आधी काढलेलं, पुढच्या उन्हाळ्यापर्यंत चालणारं. म्हणजे जिच्याकडे एक कागद नव्हता ती लायसनवाली, आणि जिच्या घरी फाइल होती ती बिनलायसनची. मी तिला सांगितलं की माझ्याही लायसनवर चार वर्षं होती, पण पत्ता बदलला म्हणून आम्ही स्वतः जाऊन परत केलं.

"यू गिव्ह बॅक?" ती म्हणाली. "व्हाय?"

मी म्हटलं, नियम होता. ती इतकी हसली की मागच्याने हॉर्न दिला तरी तिला गाडी हलवता येईना. मग मीही हसले. त्या सबंध वर्षात मी तेवढंच हसले असेन.

मंजुरी आली. लायसनं परत मिळाली. मी सेमिस्टर पास झाले, चांगल्या मार्कांनी. लाडूंचा डबा घेऊन खाली गेले, तिचे दोन्ही हात धरले आणि म्हटलं, तुला कधीही काहीही लागलं तर मला सांगायचं.

तिने सांगितलं. पुढच्या वर्षी उन्हाळा संपता संपता ती वर आली. केस विंचरलेले, इस्त्रीचा शर्ट. आमच्याकडे ती पहिल्यांदाच आली होती. तिचं लायसन संपलं होतं आणि कायद्याप्रमाणे आता ते कधीच मिळणार नव्हतं. माझं शेवटचं वर्ष सुरू होत होतं. तीच बिल्डिंग, तोच रस्ता, तीच वेळ. ती म्हणाली, आता तुझ्या गाडीतून येऊ का? मी म्हटलं, हे काय विचारणं झालं? सोमवारपासून ये.

नवरा आतल्या खोलीत होता. त्याच महिन्यात आमचा ग्रीन कार्डचा अर्ज गेला होता. तो बाहेर आला, फाइल टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "पोलिसांनी गाडी थांबवली आणि विचारलं ही कोण, तर काय सांगणार?"

मी त्याला फाडून खाल्लं. बाजूच्या सीटवर बसायला लायसन लागत नाही, म्हटलं. हिने मला तीन महिने नेलं, तेव्हा तुला कायदा नाही आठवला? गरज सरो वैद्य मरो, हेच का तुमचं पुणेरी शहाणपण? तो म्हणाला, "मी नाही म्हणत नाहीये. वकिलाला विचारू, एवढंच म्हणतोय." शनिवारभर मी ओरडले. रविवारी सकाळीही ओरडले. दुपारी थोडी कमी ओरडले. संध्याकाळी मी एकटीच सोफ्यावर बसून त्या निळ्या फाइलकडे बघत होते. आणि मला भीती वाटली. त्याची नाही, माझी स्वतःची. कोर्स संपणार होता, ग्रीन कार्ड आलं तर मला नोकरी करता येणार होती, आणि हे सगळं एखाद्या सिग्नलवर हातातून जाईल असं मला दिसायला लागलं.

मी खाली गेले आणि तिला सांगितलं की माझंच लायसन पुन्हा गेलं. नवऱ्याचे कागद पुन्हा अडकले. एक मैत्रीण पहाटे मला नेते, तिच्या गाडीत जागा नाही. हे मी इतक्या सहज बोलले की मला माझंच नवल वाटलं. सोमवारपासून मी अर्धा तास लवकर निघू लागले, आणि गाडी पलीकडच्या बिल्डिंगच्या मागे लावू लागले.

त्यानंतर दोनदा ती मला कॉलेजच्या कॉरिडॉरमध्ये दिसली. एकदा मी बाथरूममध्ये शिरले. नवऱ्यावर चिडायचं कारण नव्हतं, त्याने खरंच नाही म्हटलं नव्हतं. कायद्यावर मी चिडत होतेच. पण लॉन्ड्रीत कपडे आपटण्यासारखा राग काही येईना, कारण या वेळी खोटं मी बोलले होते. हातात पळी धरून "कायदा तो कायदा" म्हणणारी बाई कुणी दुसरी नव्हती.

तिसऱ्या आठवड्यात ती मला लॉन्ड्री रूममध्ये भेटली. मी नुकतीच दुकानातून आले होते आणि तशीच कपडे काढायला खाली उतरले होते. ती मशीन थांबवून माझ्याकडे आली. तिने माझ्या दंडावर हात ठेवला. इतके दिवस ती रोज पन्नास मिनिटं चालत कामावर जात होती, हे तिने मला सांगितलं नाही. ते मला नंतर दुसऱ्या शेजारणीकडून कळलं. तिने सांगितलं ते एवढंच की तिच्या मामेभावाला व्हॅन मिळाली आहे, तो सोमवारपासून तिला कामावर सोडेल.

"आय टेल हिम अबाउट यू," ती म्हणाली. "वन सीट, फॉर यू. नो मोअर अ‍ॅबसेंट."

खिशात माझ्या मुठीत गाडीची किल्ली होती. मी तिला म्हणाले, "थँक यू."