आधी दहा पानं

“आधी दहा पानं, मग विषय,” असं म्हणत मामा आपला पसरट तळहात फॉर्मवर ठेवायचे. तो हात बाजूला करायची हिंमत प्राचार्यांनाही होत नसे.

परभणीच्या आमच्या कॉलेजात ते ग्रंथालयाचे शिपाई होते. प्रवेशाच्या दिवसांत त्यांना व्हरांड्यातल्या टेबलाशी बसवत. काम एवढंच, की बी.ए.च्या पहिल्या वर्षाच्या फॉर्मवर विषयांचा रकाना भरलाय का ते बघायचं आणि फॉर्म आत पाठवायचा. मामांनी त्यात स्वतःचं एक कलम घातलं होतं. शेजारच्या ट्रंकेतून जुनी क्रमिक पुस्तकं काढायची आणि येणाऱ्याला बाकावर वाचायला बसवायचं. त्याशिवाय पेन मिळत नसे.

असा माणूस तुम्हीही एखाद्या कार्यालयात पाहिला असेल. नियमात नसलेलं काम तो इतक्या गंभीरपणे करतो, की ‘हे कुणी सांगितलं?’ असं विचारायचं कुणाला सुचत नाही.

“मामा, सगळ्यात सोपा विषय कोणता हाय?” एकानं विचारलं होतं.

“झोप. पण त्याच्या जागा भरल्या.”

मी बाबांबरोबर गेले होते. बाबा बँकेत आहेत, आणि मीही बँकेच्या परीक्षा द्याव्यात असं त्यांच्या मनात होतं. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. घरी मी मराठीच बोलायचे, पण वाचताना ओळीखाली बोट धरावं लागायचं. हे कुणाला कळू नये म्हणून मी दुकानांच्या पाट्यासुद्धा मोठ्यानं वाचत नसे.

“इंग्लिश लिटरेचर आणि इकॉनॉमिक्स,” बाबांनी सांगितलं.

“वर्गात तुमी बसणार का ही?”

मामांनी ट्रंकेत वर होती ती दोन पुस्तकं माझ्या हातात दिली. एक इतिहासाचं, एक मराठी साहित्याचं. इंग्रजीचं नाही का, असं विचारायचं होतं. पण अनोळखी माणसांना मी प्रश्न विचारत नव्हते.

शेजारी बसलेला मुलगा भराभर पानं उलटून निघून गेला. मी मान खाली घालून एकेक शब्द लावत होते. बाबांनी हाक मारली. ती मला ऐकू आली, पण वाक्य अर्ध्यावर होतं. सोडलं असतं तर पुन्हा पहिल्यापासून लावावं लागलं असतं.

“साहेब, हाका मारू नका,” मामा हळू आवाजात म्हणाले. “पोरगी पार आत गेलीय. चहा घेऊन या तोवर.”

तासाभरानं माझ्या फॉर्मवर इतिहास आणि मराठी साहित्य हे विषय लिहिले गेले. आपल्या मुलीला एवढी गोडी आहे आणि आपल्याला ते कधी दिसलं नाही, या विचारात बाबा घरापर्यंत होते. मीही त्यांना खरं काय ते सांगितलं नाही. बाबा आणि मामा, दोघंही माझ्या संथपणाला गोडी समजून बसलेत, असं मला वाटत होतं.

पहिला महिना वाईट गेला. सर सांगत ते उतरवून घेईपर्यंत ते पुढच्या शतकात गेलेले असत. विषय बदलायची मुदत संपायच्या आदल्या दिवशी मी अर्ज लिहिला आणि ग्रंथालयात गेले. मामा फाटक्या पुस्तकांना खळ लावत बसले होते.

“मामा, चूक झाली. त्या दिवशी मी रमले वगैरे नव्हते. मला मराठी नीट वाचता येत नाही. तासाभरात चारच पानं झाली होती.”

हे मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी सांगत होते.

मामांनी बोटाची खळ फडक्याला पुसली. “ठाऊक हाय की. बोट दिसत होतं तुझं.”

“मग?”

“मग काय? दहा पानं उलटून येणारे लय असतात, बाई. चार वाचून येणारी तू एकटीच. चौथ्या पानावर काय होतं, सांग बरं.”

मी सांगितलं. एका शिलालेखाबद्दल होतं. देवळातल्या दिव्यासाठी गावानं तेल दिलं होतं. सांगता सांगता ते तेल कुणाच्या घाण्यातलं असेल, दगडावर नाव कुणाचं आलं आणि कुणाचं राहिलं, असं मी बोलतच राहिले. मी थांबल्यावर मामा म्हणाले, “आता तो अर्ज इकडं दे. पुठ्ठ्याला आतून कागद लागायलाय.”

माझा अर्ज आता कुठल्या पुस्तकाच्या पुठ्ठ्यात आहे, कुणास ठाऊक.

त्यानंतर मी दिसले की ते “किती झाली?” एवढंच विचारत. सहा म्हटलं तर “बरं,” आणि अकरा म्हटलं तरी “बरं.” मी दुसऱ्या वर्षाला जायच्या आतच ते निवृत्त झाले. आता विषय संगणकावरच्या यादीतून निवडायचे असतात. दोन मिनिटांत होतं.

यंदा आमच्या वर्गाची सहल चारठाण्याला गेली. मामा त्याच गावचे. सगळे देवळांचे फोटो काढत असताना मी विचारत विचारत त्यांच्या घरी पोचले. दाराला कुलूप होतं. शेजारच्या अंगणात एक बाई शेंगा फोडत होत्या.

“गेले की पुण्याला, लेकाकडं. तुमी कोण म्हणायच्या?”

“त्यांची विद्यार्थिनी.”

त्या हसल्या. “अगं माय! त्ये तर कालेजात शिपाई होते नव्हं?”

एरवी मी मान डोलावून परत फिरले असते. त्या दिवशी मी त्यांच्या पायरीवर बसले. “तसं नाही मावशी, सांगते,” म्हणाले.

मावशींनी शेंगांचं सूप बाजूला सरकवलं.