झाकणावरचं कुंकू

मालोजी आनेकलहून बसने शहरातल्या कोरमंगलाला येतो आणि खुर्चीत टेकेपर्यंत अर्धा दमलेला असतो. वय छप्पन्न, इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा, पाठीत कायमची कळ. एका बंगल्याच्या दुसऱ्या मजल्यावर थाटलेल्या कंपनीत तो लॅपटॉप सांभाळतो. सांभाळतो म्हणजे काय, तर चहा सांडला की पुसतो, बिजागरी तुटली की जोडतो, आणि ‘चालतच नाहीये हो अण्णा’ म्हणत कोणी आलं की आधी बटण दाबून बघतो. पुष्कळदा तेवढ्यानेच भागतं. कंत्राट दर दिवाळीला नवं होतं. यंदाही व्हायलाच हवं. मुलगी रम्या अजून कॉलेजात आहे, आणि या वयात दुसरीकडे कोण दारात उभं करतं?

दसऱ्याच्या आठवड्यात मॅनेजर प्रणीतने नवंच काढलं. हा नागपूरचा, तिशीच्या आतला. मनाने वाईट नाही, पण घाईचा. बड्या गिऱ्हाइकाने कळवलं होतं की सगळ्या लॅपटॉपांचं फर्मवेअर नवं करा. मशीन सुरू होताना सगळ्यात आधी जागा होणारा प्रोग्रॅम, तो हा. मदरबोर्डवरच्या एका चिपमध्ये राहतो. लॅपटॉप सेकंडहँड घेतलेले, बनवणाऱ्यांनी त्यांच्यावरून केव्हाच हात झटकलेले. म्हणून प्रणीतने इंटरनेटवरून एक टूल शोधून आणलं होतं, चालू मशीनमधूनच चिपवर लिहिणारं.

“अण्णा, आयुधपूजेला सगळे ऑफिसात येऊन राहिले. एरवी अर्धे घरून काम करतात, मशीन हाती लागत नाहीत. त्याच दिवशी उडवून टाकू.”

“त्या दिवशी आमच्यात हत्यार चालवत नाहीत.”

“तुम्हाला कुठे चालवायचंय? टूल आपोआप चालतं.”

“सर, ते टूलच सांगतंय, लॅपटॉपवर नको म्हणून.”

“त्याच्यात जबरदस्तीचा ऑप्शन आहे ना.”

“आहे. त्याच्याखाली काय लिहिलंय तेही वाचा.”

प्रणीत हसला. “तुम्ही काहून इतके घाबरता हो?”

मालोजीने कितव्यांदा तरी समजावलं. लॅपटॉपात आणखी एक छोटा मेंदू असतो, एम्बेडेड कंट्रोलर. पंखा, चार्जिंग, कीबोर्ड, झाकण उघडलं का मिटलं, सगळं तो बघतो. या मॉडेलात त्याचाही प्रोग्रॅम त्याच चिपमध्ये आहे. आपण लिहीत असताना तो मधेच वाचायला आला, की दोघांचंही बिनसलं, मशीन मेलंच. “आमच्या आनेकलचा रस्ता उकरायचा आणि त्याच रस्त्यावरून बस सोडायची, असं आहे ते.”

“मग करायचं कसं?”

“मागचं झाकण उघडून, बॅटरी सोडवून, चिपला क्लिप लावून बाहेरून लिहायचं. एकेक करून.”

“वीस मशीन? दिवाळी येईल, अण्णा! दिवाळीवरून आठवलं, तुमच्या रिन्यूअलचं माझ्याचकडे आलंय.”

धमकी नव्हती. त्याला खरोखरच तेव्हा आठवलं होतं. पण मालोजीला ती लागायची तशी लागली.

“सरी, करू तसं,” तो म्हणाला. “पण पहिलं माझं मशीन. ते नीट उठलं तरच पुढचं.”

पूजेच्या आदल्या दिवशी त्याने आपला लॅपटॉप उघडला, क्लिप लावून दुसऱ्याच्या मशीनवर चिपची कॉपी काढून घेतली आणि स्क्रू पुन्हा पिळले. निम्मी भीती गेली.

आयुधपूजेला दाराशी केळीचे खुंट, उंबऱ्याशी फोडायचा कोहळा, चुरमुऱ्यांची पोती. लांब टेबलावर लॅपटॉपांची रांग, तिच्या टोकाला मालोजीचे स्क्रूड्रायव्हर आणि सोल्डरिंगची कांडी. त्याने आपलं मशीन रांगेत ठेवलं, चार्जर लावला, टूलला जबरदस्तीची परवानगी दिली.

“याला कोणी हात लावू नका,” तो मोठ्यांदा म्हणाला. चुरमुऱ्यांच्या गडबडीत कोणाच्या कानावर काय जाणार!

एचआरची सिद्धी हळदीकुंकवाचं ताट घेऊन रांगेने निघाली. पुण्याची मुलगी, सगळं नीटनेटकं करणारी. आता कुंकू लावायचं झाकणावर, म्हणजे झाकण मिटायला हवं. टप, मिटलं, बोट टेकवलं, फूल ठेवलं. पुढचं. टप.

पूजेत झाकण मिटणार आणि तो छोटा मेंदू जागा होणार, हे मालोजीच्या डोक्यातच आलं नव्हतं. इतका सगळा विचार केला, आणि हे नाही! स्क्रीनवरची पट्टी अर्ध्यावर होती. सिद्धी दोन मशीन अलीकडे होती, मग एक. ‘थांब’ एवढंच म्हणायचं होतं. त्याने तोंड उघडलंही. पण त्या शब्दाचाच त्याला कंटाळा आला होता. थांबा, चार्जर ओढू नका. थांबा, आधी बंद करा. वर्षानुवर्षं तेच. एकदा बघू दे यांना डोळ्यांनी. कॉपी आहेच.

टप.

क्षणभर काही नाही. मग पंखा असा भणाणला की झाकणावरचं झेंडूचं फूल थरथरायला लागलं. आणि एकदम चिडीचूप. सिद्धीने झाकण उघडलं. आत काळं.

“अय्या! अण्णा, माझ्यामुळे?”

“नाही गं. तू तुझं काम केलंस.”

प्रणीतने बटण दाबलं, दाबून धरलं, चार्जर काढून लावला. मग म्हणाला, “पूजेच्या मधे केलं ना, म्हणून. संध्याकाळी बाकीचे करू. कोणी झाकणाला हात लावणार नाही.”

मालोजीने त्याच्याकडे बघितलं. एक मशीन मेलं तरी याचं आपलं तेच.

“झाकण नाही तर पंखा, सर. पंखा नाही तर बॅटरी. कुठलं मशीन केव्हा पडेल ते मला सांगता येत नाही. तुम्ही सांगत असाल तर संध्याकाळी लावू. माझ्यानंतर नंबर तुमच्याच मशीनचा आहे.”

प्रणीतची नजर रांगेकडे गेली. त्याचा लॅपटॉप ओल्या कुंकवानिशी शेजारीच होता.

“माझं सगळं काम आहे त्याच्यात,” तो पुटपुटला.

“प्रत्येकाचंच आहे.”

“बरं. एकेकच करा मग. पण दिवाळीपर्यंत तर होत नाही हे.”

“नाही होत.”

“म्हणजे रिन्यूअल करावंच लागते.” एवढं म्हणून तो प्रसाद घ्यायला गेला.

जिंकला मालोजी. जिंकून काय मिळवलं, तर वीस मशीनांचे स्क्रू. तो आपल्या मेलेल्या लॅपटॉपपाशी बसला, क्लिप शोधायला खिशात हात घातला, आणि तेव्हा त्याला आठवलं की कालची कॉपी त्याने त्या दुसऱ्या मशीनवरून पुसून ह्याच लॅपटॉपात हलवली आहे. दमलेला माणूस दुसरं काय करणार? आता आधी डिस्क बाहेर काढा, दुसऱ्या मशीनला लावा, मग पुढचं सगळं. त्याने स्क्रूड्रायव्हरकडे हात नेला.

“अण्णा,” सिद्धी हळूच म्हणाली, “त्याची पूजा झालीये. आज वापरायचा नसतो ना?”

मालोजीने हात मागे घेतला. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीवर कुंकवाचा ठिपका होता.

“खरंच की,” तो म्हणाला. पाठ भिंतीला टेकवली, आणि सिद्धीने पुढे केलेल्या द्रोणातले चुरमुरे मूठ-मूठ खात बसून राहिला.