पाऊस उघडला की जाऊ

इंग्रजीतल्या ‘पुट ऑफ’चा खरा अर्थ तुम्हाला माहीत आहे का?

नाशिक रोडला आमच्या कॉलनीत इंग्रजी शिकवणारे सर होते. खडू कानामागे अडकवून ते म्हणायचे, “टाळणारा सरळ नाही म्हणतो. पुट ऑफ करणारा हो म्हणतो, वर तारीखही देतो. उदाहरण?”

मग ते स्वतःच द्यायचे, “आय पुट ऑफ माय व्हिजिट टू इगतपुरी.”

वर्गात हशा. मागून कुणीतरी ओरडायचं, “सर, आता तरी जाऊन या!”

“पाऊस उघडला की जाऊ.”

इगतपुरीला त्यांची मुलगी राहायची. तिने जातीबाहेर लग्न केलं, सर गेले नाहीत. नात झाली, तेव्हाही नाहीत. गाडीने तासाभराचा रस्ता! पाऊस उघडला की थंडी, थंडी सरली की “सुट्टीची गर्दी असते गं.”

माणूस दुष्ट असता तर भांडता आलं असतं. हे तर नातीसाठी फ्रॉक आणायचे. माप शेजारच्या चिमीवरून, दोघी एकाच वयाच्या. फ्रॉक कपाटातच पडून लहान व्हायचा. मग तो चिमीच्या धाकट्या बहिणीला, आणि नातीला पुढच्या मापाचा.

मी तेव्हा जातिभेदाविरुद्ध पत्रकं काढायचे. एकदा विचारलंच, “सर, जात आडवी येते ना?”

“आधी चार लोक काय म्हणतील, याची भीती होती. आता ती काय म्हणेल, याची आहे. तुझ्या पत्रकात सगळं सोपं असतं, बाई.”

“मग आत्ता चला. मी येते सोबत.”

सर स्टेशनवर आले. गाडी फलाटाला लागली. सरांनी पायरीवर पाय ठेवला आणि काढून घेतला. “पुढच्या रविवारी नक्की.”

मी घरी आले.

पुढचा रविवार सरांना मिळाला नाही. त्याआधीच झोपेत गेले.

मुलगी नातीला घेऊन आली. दारात ते चार लोकही होते. म्हणाले, “अहो, आम्ही कुठे काय म्हणत होतो?” चिमीच्या आईने सरांचं कपाट उघडून नवा फ्रॉक नातीच्या अंगात घातला.

अगदी मापात बसला.

तुमचंही असं एखादं गाव असेल. हे वाचून झालं की फोन लावा. ‘येईन’ म्हणू नका. ‘निघालोय’ म्हणा, आणि निघा.