म्हणे धोंडू तापाने गेला!

मंडळी, वाचनालयाच्या या फळ्यावर एरवी मी बातम्या लिहितो. आज मात्र सकाळी इथे पोलादपुरात जे पाहिलं तेच लिहितो, कारण डोकं अजून शांत झालेलं नाही.

आमच्या आळीतला धोंडू काल वारला. तिशीतला गडी, मुंबईच्या गिरणीतून सुटीवर आलेला. छातीत कळ येते म्हणून मागल्या आठवड्यात तो महाडला डॉक्टरांकडे गेला होता. त्यांनी कानाला नळीसुद्धा लावली नाही. "तुझ्या वयात काळीज बिघडत नाही, ती म्हाताऱ्यांची दुखणी," असं हसून सांगितलं आणि पाचकाची पुडी दिली.

आज हेच महाशय मोटारीतून समाचाराला आले. पोलीस पाटलांनी नोंदीसाठी मरणाचं कारण विचारलं. सुपारी चघळत डॉक्टर म्हणाले, "ताप लिहा."

धोंडूची बायको येसू ताडकन उठली. "ताप नाय वो! अंग थंडगार पडलं व्हतं. छाती दाबीत गेले."

"बाई, तुला काय कळतं?"

मी पाटलांना म्हटलं, "ती सांगते तेच लिहा." पाटलांनी डॉक्टरांच्या तोंडाकडे पाहिलं आणि ताप लिहिला.

असल्या नोंदींची बेरीज करून सरकार छापणार, की हिंदुस्थानात तरुणांची काळजं ठणठणीत आहेत. मग तेच आकडे दाखवून हे शहाणे पुढच्या धोंडूलाही पुडी देऊन घरी पाठवणार. थू असल्या विद्वत्तेवर!

मंडळी, तुमच्या आळीत तापाने गेलेल्या तरुणांपैकी किती जणांचं अंग खरंच तापलं होतं? त्यांच्या बायकांना कुणी विचारलंय का?