वुलनच्या आईच्या गावी

कॅनडातल्या कनाटाहून निघाले तेव्हा माझी अर्धी बॅग माझी नव्हतीच. ऑफिसात शेजारच्या डेस्कवर बसणाऱ्या वुलननं तीत एक जाड विंटर जॅकेट, लोकरी मोजे आणि मेपल सिरपच्या दोन बाटल्या कोंबल्या होत्या. सगळं जावा बेटावरच्या तिच्या आईसाठी.

"जावात जॅकेट?" मी हसले.

"आमचं गाव डोंगरात आहे. जाऊन बघ, मग बोल."

२०१७चा जुलै होता. मी सुट्टीला नागपूरला निघाले होते. वुलनला घरी जाऊन तीन वर्षं होत आली होती. पीआरसाठी, म्हणजे कायम राहण्याच्या परवान्यासाठी, अप्लाय केलेलं, वर्क परमिट रिन्यूअलला अडकलेलं. अशात देश सोडला तर परत आत घेतील याचा भरवसा नव्हता. "तू तरी माझ्या आईला बघून ये," ती म्हणाली, आणि मी वाट वाकडी केली.

योग्यकार्ताहून गाडी चार तास चढत राहिली. आधी भातखाचरं होती, मग तंबाखूची शेतं आणि त्याहून वर कोबी. वोनोसोबो हे शेवटचं मोठं गाव. तिथे वुलनची मावसबहीण युनी मला घ्यायला आली. ती गावच्या शाळेत इंग्रजी शिकवते, त्यामुळे पुढचे पाच दिवस माझी जीभ आणि कान दोन्ही तीच होती. कोबी पोचवून रिकाम्या परतणाऱ्या एका पिकअपमध्ये आम्ही बसलो. एका वळणावर ढग बाजूला झाले आणि सुंबिंग दिसला. झोपलेला ज्वालामुखी. त्याच्या अंगावर अगदी वरपर्यंत पायऱ्यांसारखी शेतं, आणि मधेच पन्नास-साठ पत्र्याची छपरं दाटीनं बसलेली. गाडीतून उतरले आणि थंडीनं दात वाजायला लागले. कॅनडातली मी, मुकाट्यानं वुलनच्या आईसाठी आणलेलं जॅकेट काढून अंगात घातलं.

गावात कुणाच्याही दारावरून जा, आतून "मोंग्गो!" (या ना!) ऐकू येतं. वुलनच्या आईचं दार उघडंच होतं. सुमार्नीबाई साठीच्या, ठेंगण्या, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल. सगळं गाव त्यांना 'इबू' म्हणजे आई म्हणतं, मीही तेच म्हणू लागले. त्या मला 'नाक्' म्हणायच्या. दिवसभर त्या "ये नाक्, बस नाक्" करत होत्या. शेवटी मी युनीला विचारलंच. नाक् म्हणजे बाळ.

गोडमिट्ट चहा आला, आणि तेम्पे केमुल. तेम्पे म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची वडी. ती पिठात बुडवून तळतात, कडेला पिठाची कुरकुरीत झालर सुटते. आपली भजीच. मी शाकाहारी म्हटल्यावर पुढे पाचही दिवस मला तेच मिळालं आणि माझी काही तक्रार नव्हती.

खाणं झाल्यावर मी वुलननं दिलेला फोटो इबूंच्या हातात ठेवला. बर्फात, लोकरी टोपी घालून, हातात बर्फ उपसायचं फावडं घेऊन ती उभी होती. इबूंनी फोटो दोन्ही हातांनी धरला, त्यावरून तळवा फिरवला आणि बराच वेळ बघितला. "छान दिसते," त्या म्हणाल्या.

फोटो उलटा धरलेला होता.

मी युनीकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली.

अंगणात येऊन तिनं सांगितलं. दोन वर्षांपासून इबूंची नजर जात होती. आता डाव्या डोळ्याला काहीच नाही, उजव्याला फक्त उजेड. घर, शेत, विहीर सगळं पायांना पाठ, त्यामुळे परक्याला कळत नाही. दर रविवारी वुलनचा व्हिडिओ कॉल येतो तेव्हा युनी बाजूला बसून हळूच सांगते, आज निळा स्वेटर आहे. मग इबू म्हणतात, निळा तुला शोभतो गं.

"डॉक्टर?"

"नाही म्हणते. शेजारच्या आजोबांचं डोळ्याचं ऑपरेशन बिघडलं, तेव्हापासून धास्ती घेतली आहे. आणि वुलनला सांगू देत नाही."

इबू दारात येऊन उभ्या होत्या. आम्ही कशाबद्दल बोलतोय हे त्यांना कळलं असावं. युनीमार्फत त्या मला म्हणाल्या, "तिला कळलं तर ती सगळं टाकून येईल. मग मागे दार बंद झालं तर? तू सांगणार नाहीस, नाक्."

मी हो म्हटलं. पाहुणी म्हणून आलेली मी आणखी काय म्हणणार? पण रविवारी कॉलवर वुलन मला विचारत होती, "आई कशी वाटली?" आणि मी "मस्त" म्हणत होते, तेव्हा माझ्याच आवाजाची मला लाज वाटली.

कॉलच्या दुसऱ्या दिवशी युनीनं मला स्कूटरवरून दिएंगच्या पठारावर नेलं. धुक्यात उभी असलेली जुनी शिवमंदिरं, जमिनीतून वाफ सोडणारी कुंडं, बटाट्याचे मळे. गवतावर पहाटेचं दव गोठून पांढरं झालं होतं. सगळे त्याचे फोटो काढत होते. माझं लक्ष लागेना.

चौथ्या दिवशी सकाळी मी इबूंबरोबर त्यांच्या तंबाखूच्या शेतात गेले. परत फिरलो तर ढग खाली उतरले आणि मला माझे पायसुद्धा दिसेनात. बांधावरून पाय घसरला आणि मी खालच्या पाटात पडले. गुडघा दगडावर आपटला. मी ओरडले. इबू हाका मारत बांध उतरून आल्या, चाचपडत माझा हात पकडला आणि मला वर घेतलं. मग माझा हात न सोडता त्यांनी मला घरापर्यंत आणलं. त्या धुक्यात अडखळत मी चालत होते, त्या नाही.

घरी त्यांनी मला बाकावर बसवलं आणि चहा ठेवला. माझी पँट गुडघ्यावर फाटली होती, रक्त घोट्यापर्यंत आलं होतं. भाषा येत नसल्यानं मीही काही बोलले नाही. त्या शांतपणे साखर ढवळत होत्या. एवढ्यात युनी आली आणि किंचाळली.

इबूंच्या हातातला चमचा थांबला. त्या खाली बसल्या, माझ्या पायावरून बोटं फिरवली, ओली बोटं नाकाशी नेली. "ही रक्तानं भरली आणि मी चहा करत बसले," एवढंच म्हणाल्या.

मी युनीला म्हटलं, "त्यांना सांग, मी वुलनला एक शब्द बोलणार नाही. पण उद्या माझ्याबरोबर डॉक्टरकडे चला."

त्यांनी नाही म्हटलं नाही.

सकाळी कोबीच्या पिकअपमध्ये पुढच्या सीटवर आम्ही तिघी दाटीनं बसलो. वोनोसोबोत एका पाटीवर 'क्लिनिक माता' वाचून मी थबकले. हे तर बाळंतपणाचं हॉस्पिटल! युनी हसत सुटली. त्यांच्या भाषेत माता म्हणजे डोळा. तिनं ते इबूंना सांगितलं तेव्हा दोन दिवसांत पहिल्यांदा त्याही हसल्या.

डॉक्टर तरुण बाई होत्या. त्यांनी बराच वेळ तपासलं. उजव्या डोळ्यात पिकलेला मोतीबिंदू, काढला की दिसेल. डावा आतल्या दाबानं गेलेला. दीड-दोन वर्षांपूर्वी आला असतात तर वाचला असता, आता इलाज नाही.

 परतीच्या वाटेवर गाव जवळ आल्यावर इबू म्हणाल्या, "एक आहे ना. एक पुरे." मग माझ्या हातावर हात ठेवून, "वुलनला सांग. दोन्ही डोळ्यांचं सांग. मला फोनवर जमणार नाही. पण आत्ता येऊ नको म्हणावं."

नागपूरचे आठ दिवस भुर्रकन गेले आणि मी कनाटाला परतले. ऑफिसच्या कॅफेटेरियात वुलनला सगळं सांगितलं. ती उठून वॉशरूममध्ये गेली. अर्ध्या तासानं आली ती डोळे पुसूनच. "त्या रविवारी मी तुला विचारलं होतं," ती म्हणाली. "तू मस्त म्हणालीस." पुढचे दोन आठवडे ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. मीही समजूत घालायला गेले नाही.

ऑगस्टअखेर एका सोमवारी सकाळी ती आपली खुर्ची ओढून माझ्याजवळ आली. इबूंचं ऑपरेशन होऊन आठवडा झाला होता, काल पट्टीशिवाय पहिला कॉल.

"स्क्रीनवर मला बघितलं आणि आई फोनच्या अगदी जवळ आली," वुलन म्हणाली. "मग म्हणाली, केस कधी कापलेस?"

तिनं केस कापले होते दोन वर्षांपूर्वी. त्यानंतर शंभर रविवार तरी ती आईशी बोलली असेल.

ती आपल्या डेस्ककडे गेली. मी फोन घेऊन बाहेर पार्किंगमध्ये आले. नागपूरला तेव्हा संध्याकाळ होती. आईनं लगेच उचलला.

"अगं, आज मधेच? बरं आहे ना सगळं?"

"माझं बरं आहे. तुमचं सांग."

"आमचं काय, मजेत."

आत्ताच आठ दिवस तिच्याजवळ राहून आले होते. तेव्हाही ती हेच म्हणत होती, आणि मी जेवणाची आमंत्रणं, खरेदी, मैत्रिणी यांत हिंडत होते.

"आई," मी म्हटलं, "खरं सांग."

पलीकडे पंख्याचा आवाज येत राहिला. मी वाट बघत उभी राहिले.