लेकरं इथं, माय कारखान्याला

ये गं सुमन, अशी जवळ बस. मोबाईलवर वाचलंस की आपल्याकडं पोरं कमी व्हायलीत, अन् लगेच मावशीला शिकवायला लागलीस? आधी ऐक.

मी आकडेवारीच्या ऑफिसात होते. शिक्षण बेताचंच, काम करता करता शिकले. एका साली दिंद्रुडकडच्या काही गावांचा जननदर एकदम खाली दिसला. जननदर म्हणजे एका बाईला आयुष्यात साधारण किती मुलं होतात, त्याचा अंदाज. आम्ही तो जनगणनेवरून काढायचो. लहान लेकरू त्याच घरातल्या कोणत्या बाईचं, हे कॉम्प्युटरवर जुळवायचं. त्यावरून मागच्या वर्षांतले जन्म मोजायचे.

साहेबांनी रिपोर्ट पुढं सरकवला. "बाई, इथं बाळंतपणंच होत नाहीत. नर्सची पोस्ट दुसरीकडं देऊ म्हणतायत वरचे."

"साहेब, गाव बघून येते. मग सही करा."

"या. पण सोमवारी रिपोर्ट जायचाय."

गेले. दारोदार कुलपं. एका ओट्यावर म्हातारी, भोवती तिची नातवंडं.

"आजी, पोरांची माय कुठंय?"

"कारखान्याला, ऊस तोडाया. दसरा झाला की जातेत नवराबायको. तुमी कावून इचारताव?"

"जनगणनेला आले, तेव्हाही नव्हती?"

"कशी आसंल? ऐन हंगामात आल्ते. लेकरं माझ्यापाशी लिवली. माय तिकडं लिवली आसंल." मग हळूच म्हणाली, "औंदा पोटुशी गेलीय. बाळंतपणाला इथंच येणार हाय. नर्सबाई हलवू नका, माय."

तिथंच उमगलं. लेकरं इथं, माय दुसऱ्या जिल्ह्यात. जुळणार कशी? न जुळलेली लेकरं हिशेबात सगळ्या बायांवर सरासरीनं वाटून धरायची असतात. आमच्या हिशेबात ती गळूनच गेली होती.

साहेबांनी ऐकून घेतलं. "पुन्हा काढा," एवढंच म्हणाले.

दर वर आला. नर्सची पोस्ट राहिली.

पण पुढं कळलं, आजीची सून दिवस भरायच्या आत उसाच्या फडातच बाळंत झाली. लेकरू राहिलं नाही. ते ना इथं मोजलं गेलं, ना तिथं.

म्हणून सांगते पोरी, आकडा दिसला की आधी विचारावं, मोजायला आले तेव्हा घरी कोण नव्हतं.

आता पुन्हा लवकर ये, पण दसऱ्याच्या आत. तेव्हा गाव भरलेलं असतं. आजीकडं जाऊ. सून घरी भेटंल.